साथीचा काळ आणि विज्ञान-वार्ताहराचे साहाय्य

संशोधनाचा निष्कर्ष आणि त्याची वार्ता यांच्यामध्ये एरवी पुष्कळ अवधी असतो. निबंध लिहिला जातो, परीक्षक तो तपासतात, नियतकालिकात तो प्रसिद्ध होतो आणि मगच तो वार्ताहराच्या हाती पडतो. २०२० साली कोविड-१९ची साथ जगभर पसरली तेव्हा हा अवधी जवळजवळ नाहीसा झाला. परीक्षणापूर्वीच निबंध मुक्त संग्रहांत ठेवले जाऊ लागले आणि त्यांच्या बातम्याही लगोलग होऊ लागल्या. जी छाननी शास्त्रज्ञांनी आपसांत करावयाची, तिचा भार अशा रीतीने वार्ताहरावर येऊन पडला.

३१ जानेवारी २०२० रोजी ‘बायोआर्काइव्ह’ या संग्रहात दिल्लीतील काही संशोधकांचा निबंध आला. नव्या विषाणूच्या प्रथिनातील काही तुकडे एड्सच्या विषाणूतील तुकड्यांशी जुळतात, असे त्यात प्रतिपादन होते. हे तुकडे इतके आखूड आहेत की तसले साम्य इतर अनेक जीवांतही आढळते, असे अन्य शास्त्रज्ञांनी तत्काळ दाखवून दिले आणि दोन दिवसांत निबंध मागे घेण्यात आला. तथापि तेवढ्या अवकाशात विषाणू मानवनिर्मित असल्याच्या वदंतेला बळ मिळाले होते. असे लेख प्राथमिक असून वृत्तपत्रांनी ते सिद्ध ज्ञान म्हणून देऊ नयेत, अशी ठळक सूचना पुढे त्या संग्रहावर झळकू लागली.

परीक्षण झाले म्हणजे चिंता मिटली, असेही नव्हे. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ने ६७१ रुग्णालयांतील सुमारे ९६,००० रुग्णांच्या माहितीवर आधारलेला म्हणून एक निबंध छापला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मृत्यूचा धोका वाढतो, हा त्याचा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी काही दिवस स्थगित केली. निबंधात ऑस्ट्रेलियातील २१ एप्रिलपर्यंतचे ७३ मृत्यू धरले होते. प्रत्यक्षात त्या दिवसापर्यंत तेथे नोंदलेले मृत्यू ६७ होते. ‘गार्डियन’च्या वार्ताहरांनी ही विसंगती पुढे आणली. त्यांनी रुग्णालयांकडे विचारणा केली, तेव्हा आपण अशी माहिती पुरविलीच नाही, असे उत्तर आले. शास्त्रज्ञांनीही त्या माहितीबद्दल जाहीर शंका घेतल्या आणि ४ जून रोजी निबंध मागे घेतला गेला.

१६ जून २०२० रोजी ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष निबंधाआधी पत्रकाद्वारे जाहीर झाला. डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांतील मृत्यू एक-तृतीयांशाने, तर केवळ प्राणवायूवरील रुग्णांतील एक-पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र लाभ झाला नाही. वृत्ताच्या मथळ्यात पहिली दोन विधाने सहज मावतात, तिसरे गळते. वस्तुतः सामान्य वाचकाच्या दृष्टीने तिसरेच महत्त्वाचे. २०२१ मध्ये भारतात म्युकरमायकोसिसचा प्रादुर्भाव वाढला, तेव्हा अनियंत्रित मधुमेहाबरोबरच स्टेरॉइडांचा अवाजवी वापर हे त्याचे प्रमुख कारण म्हणून पुढे आले.

यावरून साहाय्याचे स्वरूप ठरविता येते. पहिली गरज वेळेवर भेटणाऱ्या तज्ज्ञाची. लंडनचे सायन्स मीडिया सेंटर २००२ पासून हेच कार्य करीत आहे. भारतातही २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या एका स्वयंसेवी गटाने चुकीच्या समजुतींचे निरसन करणारे साहित्य भारतीय भाषांतून उपलब्ध केले. दुसरी गरज आकड्यांच्या अर्थाची. लस ९५ टक्के परिणामकारक, याचा अर्थ शंभरांपैकी पाच लसधारक आजारी पडतात असा नव्हे. फायझरच्या चाचणीत आजारी पडलेल्या १७० जणांपैकी १६२ लस न मिळालेल्या गटातील व ८ लस मिळालेल्या गटातील होते. दोन्ही गट जवळजवळ समसंख्य असल्याने या तुलनेतून ते प्रमाण निघते. तिसरी गरज परिभाषेची. सायंकाळी इंग्रजी पत्रक हाती आलेल्या जिल्ह्याच्या वार्ताहराला ‘परिणामकारकता’ आणि ‘सुरक्षितता’ यांतील भेद शोधीत बसण्यास सवड नसते. अशा संज्ञांचे सोदाहरण टिपण विद्यापीठाच्या विभागांना आधीच सिद्ध ठेवता येते. चौथी गरज वार्ताहराच्या स्वतःच्या आरोग्याची. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत झालेल्या तपासणीत वृत्तक्षेत्रातील ५३ जण बाधित आढळले होते.

साहाय्य म्हणजे नियंत्रण मात्र नव्हे. तज्ज्ञाने सांगावे आणि वार्ताहराने ते जसेच्या तसे उतरून घ्यावे, एवढाच संबंध असता तर ७३ आणि ६७ यांतील तफावत विचारण्याचे कोणालाच कारण पडले नसते. म्हणून विभागांनी वार्ताहराला उत्तरे पुरवावीत, तसेच प्रश्न कसे विचारावेत हेही शिकवावे. आणि तो प्रश्न आपल्याच संशोधनावर आला, तरी त्याचे उत्तर द्यावे.