लाल ओळी कोण वाचतो?

शेगावची ओळख गजानन महाराजांच्या मंदिराने आणि कचोरीने होते. पण या गावात १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. संगणकाची पदवी घेऊन अशा महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांना नोकरीत लवकरच एक प्रश्न ऐकू येतो, "कव्हरेज किती?" चाचण्या चालवताना प्रोग्रामच्या किती ओळी खरोखर चालल्या, याचा हा टक्का. कल्पना जुनी आहे, मिलर आणि मलोनी यांनी १९६३ मध्येच ती मांडली होती. पण या यंत्रणेची किंमत टक्क्यात नाही, न चाललेल्या ओळींच्या यादीत आहे. आणि ती यादी प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, लिहितानाच दिसली तर कामाची.

पायथनमधलं कव्हरेज.पीवाय हे साधन घ्या. नेड बॅचेल्डर २००४ पासून ते सांभाळत आहेत. जुन्या पद्धतीत दुभाषा, म्हणजे पायथनचा इंटरप्रिटर, प्रत्येक ओळ चालवताना या साधनाला हाक मारतो आणि साधन ओळ क्रमांक टिपून घेतं. एखादा लूप लाख वेळा फिरला तर हाकही लाख वेळा, म्हणून चाचण्या रेंगाळतात. २०२३ च्या पायथन ३.१२ मध्ये याला देखणी वाट निघाली: एका जागेची नोंद एकदा झाली की तिथली हाक बंद करता येते. ओळ चालली की नाही एवढंच हवं असेल, तर दुसऱ्यांदा विचारायचं कशाला? सी भाषेच्या जीसीसी कंपायलरसोबतचं जीकॉव्ह हीच काटकसर वेगळ्या रीतीने करतं. प्रत्येक फाट्यावर मोजणी न बसवता मोजक्या ठिकाणी बसवतं आणि उरलेल्या संख्या वजाबाकीने काढतं. इतकी काटकसर ज्यात आहे त्या यंत्राला केवळ टक्का विचारणं मला अन्याय वाटतो.

टक्का फसवतो कसा? समजा, मुक्काम शून्यापेक्षा जास्त असेल तर एकूण भाड्याला दिवसांनी भागून दर काढायचा आणि तो परत द्यायचा, असं फंक्शन आहे. दोन दिवसांच्या मुक्कामाची एकच चाचणी लिहिली की ओळींचं कव्हरेज शंभर टक्के. शून्य दिवस दिले की दर ठरलेलाच नसतो आणि प्रोग्राम कोसळतो. सेटिंगमध्ये फांद्यांची मोजणी चालू केली तरच ही न चाललेली वाट दिसते. दुसरी मेख याहून वाईट: कोणता कोड मोजायचा ते सेटिंगमध्ये सांगितलं नाही, तर चाचण्यांनी कधी न उघडलेली फाइल अहवालात येतच नाही. शून्य टक्के म्हणून धरली जायला हवी ती फाइल हिशेबातूनच गळते आणि सरासरी फुगते.

यावर व्यवस्थापक म्हणतील, आकडा नसेल तर शिस्त कशी लावायची? आक्षेप खोटा नाही. पण आकडा हजेरीपटासारखा आहे. किमान पंचाहत्तर टक्क्यांची अट घातली की प्रॉक्सी सुरू होते. उत्तर तपासणारं एकही विधान नसलेली चाचणीसुद्धा ओळी चालवते आणि टक्का वाढवते. इनोझेम्त्सेवा आणि होम्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात, चाचण्यांची संख्या समान धरली, तर कव्हरेज आणि चुका पकडण्याची ताकद यांचं नातं फारसं घट्ट आढळलं नाही. मग सगळं सोडून द्यायचं का? नाही. विमानातल्या सर्वांत जोखमीच्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी हे मानक अटीतल्या प्रत्येक घटकाचा निकालावर स्वतंत्र परिणाम होतो हे दाखवायला लावतं, आणि ते योग्यच आहे. तिथे चाचण्या आवश्यकतांवरून लिहायच्या असतात, कव्हरेज त्यांतली उणीव दाखवतं.

कव्हरेजचं साधन बसवतानाच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. चाचणीने वेगळी प्रक्रिया सुरू केली तर तिची नोंद वेगळ्या फाइलमध्ये घ्यावी लागते आणि शेवटी एकत्र करावी लागते. हे विसरलं की चाललेला कोडही अहवालात लाल, म्हणजे न चाललेला, दिसतो. कंटेनरमधले आणि लॅपटॉपवरचे फाइलमार्ग वेगळे असतील तर ते जुळवून द्यावे लागतात. मोजणी सुरू होण्याआधीच आयात झालेल्या फाइलींच्या व्याख्येच्या ओळी न चाललेल्या दिसतात. या तीन गोष्टींवर एक दुपार सहज जाते, आणि ती फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात गेलेली बरी. व्हायवा घेणाऱ्यांना एक विनंती: टक्का विचारू नका. अहवाल उघडायला सांगा आणि एका लाल ओळीवर बोट ठेवून विचारा, ही ओळ कधी चालेल?