धनुर्विद्येची जुनी वाट – भाग ७ : धनुष्यावरचे आकडे

अमेरिकेत विकायला निघालेल्या जुन्या रिकर्व्ह धनुष्यांच्या जाहिराती चाळल्या, तर १९५३ साली त्या देशात दुसरं काही बनतच नव्हतं असं वाटावं. विकणारे खोटं बोलत नसतात. ‘बेअर’ कंपनीच्या धनुष्यावर ‘कॅनडा १९५३’ अशी अक्षरं खरोखरच छापलेली असतात. पण ते साल कॅनडातल्या पेटंटचं. कंपनी ती ओळ पुढे बरीच वर्षं छापत राहिली, त्यामुळे साठच्या दशकातल्या धनुष्यांवरही ती सापडते. त्यापेक्षा गावाचं नाव वाचावं. फ्रेड बेअर यांनी १९३३ मध्ये डेट्रॉइटला सुरू केलेली ही कंपनी १९४७ मध्ये मिशिगनमधल्याच ग्रेलिंगला गेली आणि १९७८ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला. धनुष्यावर ग्रेलिंग असेल, तर ते त्या स्थलांतराच्या आधीचं. वापरायला घेणाऱ्याला इतकी माहिती पुरते. नेमकं साल शोधत बसणं हा संग्राहकांचा उद्योग आहे.

इतकी धनुष्यं बाजारात आली कुठून? मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. त्याच्या टोकांवरच्या चाकांमुळे पूर्ण ओढलेलं धनुष्य धरून ठेवायला कमी जोर लागू लागला, शिकारी तिकडे वळले आणि रिकर्व्ह माळ्यावर गेली. (२०२३ मध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी विश्वविजेते झाले, ते याच कंपाउंड प्रकारात.) माळ्यावरची ती धनुष्यं आता नातवंडं विकताहेत.

खरा महत्त्वाचा आकडा वजनाचा. धनुष्याच्या भुजेवर ४५ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ, दोरी २८ इंच ओढली की बोटांवर ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो भार येतो. पण तुमची ओढ २८ इंच आहे का? दोन्ही हात आडवे पसरा, मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा आणि अडीचने भागा. अंतर ६५ इंच भरलं, तर ओढ २६ इंचांच्या आसपास. एका इंचामागे दोन-अडीच पौंडांचा फरक पडतो. म्हणजे तेच धनुष्य तुमच्या हातात चाळीसचं होतं. चाळीसही नवशिक्याला जडच. पंचवीस ते पस्तीसच्या दरम्यान सुरुवात करावी.

अडचण अशी की जुनी नावाजलेली धनुष्यं हरणाच्या शिकारीसाठी बनलेली, त्यामुळे त्यांत पंचेचाळीस आणि त्यापुढचीच जास्त. ‘हळूहळू ताकद येते हो,’ असं विकणारा म्हणतो. ताकद येईलही, पण तोवर खांदा दुखावतो, आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट: दोरी पूर्ण ओढली जायच्या आतच सोडून द्यायची खोड लागते. ती खोड मोडायला मग वर्षं जातात. म्हणून माझ्या मते बेअरच्या पन्नास पौंडांच्या प्रसिद्ध ‘कोडियाक’पेक्षा तीस पौंडांचं, अर्कान्सामधल्या पाइन ब्लफच्या बेन पिअर्सन कंपनीचं एखादं साधं धनुष्य घ्यावं. भिंतीवर लावायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आकडे वाचून झाले की बोटांनी तपासायचं. भुजा मेपलच्या पातळ पट्ट्यांना फायबरग्लास चिकटवून केलेल्या असतात. कडेने नख फिरवत जा. नख कुठे शिरलं, तर थर सुटायला लागलेत, ते धनुष्य सोडून द्या. मग कापसाचा बोळा अलगद फिरवा. तंतू अडकला तर तिथे फायबरग्लास उचकलेलं आहे. लांबीच्या दिशेने गेलेल्या बारीक रेषा बहुधा नुसत्या पॉलिशमधल्या असतात. आडवी चीर मात्र भुजेच्या जिवावरची. शेवटी दोरी चढवून धनुष्य समोर धरा. दोरी दोन्ही भुजांच्या मधोमध धावली पाहिजे. एका टोकाला ती बाजूला सरकली, तर भुजेला पीळ बसला आहे. पाय धनुष्यातून घालून मांडीच्या जोरावर दोरी चढवायची जुन्यांची सवय, तिचाच हा प्रताप. थोडा पीळ निघतो, जास्त असेल तर भानगडीत पडू नका. दोरी चढवायचा वेगळा दोर मिळतो, तोच वापरा. आणि दुकानात उभं राहून नुसती दोरी ओढून ‘टंग्’ करून सोडायचा मोह आवरा. बाणाने न्यायचा सगळा जोर अशा वेळी भुजेतच उलटतो आणि जुनी भुजा तिथल्या तिथे फुटू शकते.

विकणाऱ्याने दिलेली दोरी फेकून द्या. नवी घेताना डॅक्रॉनचीच घ्या. हल्लीच्या न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्यांचा झटका या जुन्या टोकांना सोसत नाही. धनुष्यावर ६० इंच लिहिलं असेल तर दोरी प्रत्यक्षात ५७ इंचांची लागते. दुकानात मात्र ६० इंची धनुष्याची दोरी म्हणूनच मागायची.

मारायला दहा पावलांवरूनच सुरुवात करावी. समोर गवताची जाड गादी, मागे माणूस-जनावर कुणी नाही, एवढं बघून. अशा धनुष्याला नेम धरायची खूण बहुधा नसते, बाण ठेवायला तारेची टेकणही नसते. मुठीच्या वर लाकडात कोरलेल्या खाचेवर चामड्याचा तुकडा चिकटवलेला असतो, बाण त्यावरून घासत जातो. म्हणून बाणाला पिसंच हवीत. ती दबून निघून जातात, प्लॅस्टिकचे पंख आपटून बाण भरकटवतात. तिघांतलं वेगळ्या रंगाचं पीस बाहेरच्या बाजूला ठेवा. ओढणारं बोट प्रत्येक वेळी ओठाच्या त्याच कोपऱ्याला टेकलं पाहिजे. ते आज इथे, उद्या तिथे टेकलं, तर बाण वर-खाली जाणारच आणि दोष बिचाऱ्या जुन्या लाकडाला लागणार.

बाण मात्र धनुष्याबरोबर फुकट मिळालेले वापरू नका. लाकडी असतील तर दर वेळी वाकवून, कान लावून तपासावे लागतात, शिवाय त्यांचा कडकपणा तुमच्या ओढीला जुळेलच असं नाही. तो हिशेब पुढच्या भागात.