आमची ट्राउट म्हणजे मरळ!

हॉलीवूडच्या सिनेमात तुम्ही हा सीन नक्की पाहिला असेल. डोंगरातला थंडगार ओढा, गुडघाभर पाण्यात उभा असलेला हिरो आणि हवेत झुलणारी गळाची दोरी... एकदम सही! तो हिरो ज्या माशासाठी जीव टाकतो, तो बहुतेक वेळा ट्राउट. त्यातली ब्रूक ट्राउट म्हणजे अमेरिकेतल्या डोंगरी ओढ्यांची राणी. तिच्या शास्त्रीय नावातल्या ‘फॉन्टिनॅलिस’चा अर्थच मुळी ‘झऱ्यातली’. नखरेही तसेच. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की बाईसाहेबांचा जीव घाबरा होतो.

आपल्या देशात ट्राउट पकडायची तर काश्मीर किंवा हिमाचलचं तीर्थन खोरं गाठायला हवं. तिथेही भेटते ती मुख्यतः ब्राऊन ट्राउट, म्हणजे इंग्रजांनी 1900 च्या सुमारास काश्मीरमध्ये आणलेली पाहुणी.

आणि मी पडलो वर्ध्याचा! आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात. ट्राउटचा पाण्यातच रस्सा व्हायचा. पण कुणी आणून न सोडलेला, स्वतःच्या मर्जीने वाढलेला मासा आडरानातल्या पाण्यात गळाला लागण्याची जी झिंग आहे ना, ती इथेही मिळते. तिचं नाव मरळ.

उन्हाळ्याला पुरून उरणारी

कारंजा-आर्वीकडच्या टेकड्यांमधून निघणारे नाले कुणी धाम नदीला मिळतात, कुणी थेट वर्धेला. पवनारला विनोबांच्या आश्रमापाशी खडकांमधून वाहते, तीच ही धाम. उन्हाळ्यात नाले तुटतात आणि उरतात फक्त डोह. कोमट, गढूळ, प्राणवायू संपत आलेले. बाकीचे मासे तडफडतात, मरळ मात्र वर येते, तोंडाने हवेचा घोट घेते आणि परत खाली! तिच्या डोक्यात त्यासाठी वेगळी पोकळीच असते. डोकं सापासारखं, अंग काळपट आणि स्वभाव... आमच्या ऑफिसातल्या मार्च एंडच्या बॉससारखा.

पकडायची कशी? गावातली मंडळी बांबूची काडी, गळाला गांडूळ आणि दोरीला तरंगता धांड्याचा तुकडा एवढ्यावर कमाल करतात. आम्ही सिटीवाले रबरी बेडूक वापरतो. पाणवनस्पतींच्या कडेला तो टाकायचा, हळूहळू फुदकत आणायचा. आणि मग पाणी फुटल्यासारखा ‘धप्प’ आवाज! लगेच झटका मारायचा नाही. एक श्वास थांबायचं, मग ओढायचं. हा एक श्वास म्हणजे अख्ख्या आठवड्याच्या मीटिंग्जवरचा उतारा.

खालीच हायेत मायबाप

एका सप्टेंबरात नाल्यावर ढिवर समाजातले एक काका भेटले. मी पिशवीतून काही काढायच्या आत त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. पृष्ठभागावर केशरी-लाल ठिपक्यांचा एक ढग सरकत होता.

‘‘बावा, ते लाल पिल्लं दिसून राह्यले न, तिथं गरी टाकू नको. मायबाप खालीच हायेत त्याईचे.’’

मरळीची जोडी पाण्यावर तरंगणारी अंडी राखते आणि नंतर पिल्लांनाही. तेव्हा त्या ढगाजवळ काहीही पडलं की ती तुटून पडते. भुकेपोटी नव्हे, पोरांपोटी! म्हणून तेव्हा मासा हमखास लागतो. आपल्याला एक झकास फोटो मिळतो आणि मागे उरतात शेकडो उघडी पिल्लं, इतर माशांचा नाश्ता. ज्या डोहात मोजक्याच जोड्या असतात, तिथे असे दोन-चार फोटो म्हणजे पुढच्या वर्षी रिकामा डोह. त्यात कुणी ब्लीचिंग पावडर टाकतं, कुणी विजेची तार सोडतं. 45 अंशांचा उन्हाळा पचवणारी मरळ आपल्याला पचवू शकत नाही.

समुद्रात निदान पावसाळी बंदी असते. आडरानातल्या नाल्यावर पहारा कोण देणार? म्हणून आमच्या ग्रुपने स्वतःच नियम केलाय: जून ते सप्टेंबर गळ कपाटात. मजा ऑक्टोबरनंतर!

आता विचाराल, नेमका नाला कुठला? सॉरी दोस्तहो, ते गळवाले सख्ख्या भावालाही सांगत नाहीत!

निघण्यापूर्वी...

• बोर व्याघ्र प्रकल्पात (2014) गळ टाकायचा नाही. तिथे फक्त जंगल बघा.
• तलाव आणि धरणं अनेकदा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. आधी विचारा. ती त्यांची रोजीरोटी आहे, आपला वीकेंड.
• गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे मासा सहज सुटतो.
• हात ओले करूनच मासा धरा. फोटो एकच. मग सोडून द्या.
• जिवंत बेडूक आमिषाला नको. रबरी झकास चालतो.