पोथीलेखकाची दोऱ्यांची पाटी व मुदखेडकडील घरगुती सुतारी हत्यारें

हस्तलिखितांच्या शोधार्थ खेडोपाडीं हिंडणाऱ्या मंडळींस एक खोड असते, व तींत आम्हीही आलोंच. माळ्यावरचें बाड खालीं उतरलें कीं दृष्टि पानांवर खिळते. बाडाबरोबर जें लाकूडसामान खालीं येतें त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. मुदखेड येथें आमच्या हातून या खोडीपायीं एक प्रमाद घडला. तो सांगितल्यावांचून पुढील विवेचनाचें प्रयोजन कळणार नाहीं, म्हणून आरंभीं तोच सांगतों.

मुदखेड हें नांदेडच्या पूर्वेस असून तेथून लोहमार्गाचा एक फांटा भोकर व किनवट यांवरून आदिलाबादेकडे जातो. भोंवतालीं काळी जमीन, बांधांवर बाभळी, आणि ईशान्येस किनवटचें सागवानी रान. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अंमलाखालीं होता. त्यामुळें सरकारी दप्तर पूर्वीं फारसींत व मागाहून उर्दूंत, घरचा हिशेब मोडींत आणि पोथी बाळबोधींत, असा तीन लिप्यांचा व्यवहार येथील जुन्या घरांतून चाले. अशाच एका घरीं आम्हांस नऊ नऊ ओळींच्या पानांची एक खंडित पोथी मिळाली. तिच्या शेजारीं एक टोपली होती. तींत बांबूची कमान, लाकडी दांडा, नारळाची करवंटी, एक झिजलेला रंधा व टोंकांस खिळे बसविलेली मधोमध चिरलेली बांबूची काडी, एवढें सामान होतें. टोपलीखालीं पानाएवढी एक फळी होती व तिच्या दोन्ही बाजूंस भोंकांची एकेक रांग होती. ती मोडक्या मागाचा भाग असावी असें आम्हांस वाटलें, व तसें आम्ही बोलूनही दाखविलें. पोथी घेऊन परत आलों.

पुढें पानें तिरप्या उजेडांत धरलीं तेव्हां प्रत्येक ओळीच्या माथ्याशीं शाईवांचून उमटलेली रेघ दिसली, आणि ती फळी काय होती याचा उलगडा झाला. पावसाळा सरल्यावर पुन्हा मुदखेडास गेलों. घरच्या आजींस फळीविषयीं विचारलें तों त्या म्हणाल्या, "बंबात घातली की. तुमीच म्हनलाव न्हवं, कामाची न्हाई म्हून." उरलेली टोपली त्यांनीं आम्हांस देऊन टाकली.

ती फळी म्हणजे पोथीलेखकाची रेघा पाडण्याची पाटी. समोरासमोरच्या भोंकांतून दोरा ओंवून ताणून बसवावयाचा. पाटीवर कोरा कागद ठेवावयाचा आणि दोऱ्यादोऱ्यावरून आंगठा दाबून फिरवावयाचा. सर्व ओळी एका दमांत, शाई न लागतां उमटतात. बाळबोध अक्षर शिरोरेषेपासून खालीं लोंबतें, म्हणून लेखक त्या रेघेस अक्षराचा माथा लावीत जातो. ही युक्ति कोणा एका प्रांताची नव्हे. फारसी-अरबी खुशनवीस दोरे शिवलेल्या पुठ्ठ्यास मिस्तर म्हणत. गुजराथेंतील जैन लेखकांच्या अशाच साधनास ओळियुं म्हणत, व मुनि पुण्यविजयजी यांनीं जैन लेखनकलेवरील आपल्या गुजराती निबंधांत त्याची माहिती दिली आहे. निजामी मुलखांतल्या कारकुनाच्या शेजारीं बसणाऱ्या पोथीलेखकानें ही युक्ति कोणाकडून घेतली, हा वाद येथें आम्ही उकरीत नाहीं.

आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, ही पाटी बाजारांतून आणलेली नसे. गांवच्या सुताराचें बलुतें औतांसाठीं असे: नांगर, वखर, तिफण यांची दुरुस्ती त्यांत येई. पेटी, पाट, पाळणा असल्या कामांची मजुरी निराळी पडे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गांवगाडा' या ग्रंथांत बलुत्यांच्या या देण्याघेण्याचा विस्तार आहेच. तेव्हां चार दमड्यांची ऐपत नसलेल्या लेखकानें पाटी घरींच करावी यांत नवल नाहीं. मात्र पाटी घरीं करावयाची तर तीस लागणारीं हत्यारेंही घरींच करावीं लागतात, आणि टोपलींतील सामान नेमकें तेंच सांगत होतें.

कमान, दांडा व करवंटी मिळून सामता होतो. दांड्याच्या खालच्या टोंकास लोखंडाचें अणकुचीदार पातें ठोकतात, कमानीच्या दोरीचा एक वेढा दांड्यास देतात, वरचें टोंक करवंटींत धरून दाबतात व कमान पुढेंमागें ओढतात. दांडा एकदां उजवा व एकदां डावा फिरतो, म्हणून पात्यास दोन्हीकडे धार ठेवावी लागते. एकाच बाजूस फिरणाऱ्या गिरमिटाचें पातें येथें उपयोगी नाहीं. अशा पात्याचें भोंक तोंडाशीं रुंद व आंत निमुळतें होतें, आणि फळी दोन्हीं बाजूंनीं भोंकली असेल तर मध्यें कंबर राहते. ज्यास सामताही जमला नाहीं तो सळई तापवून भोंक पाडतो. त्याची कड काळी पडलेली असते. जुन्या लाकडावरचीं हीं चिन्हें डोळ्यांस सहज दिसतात.

रंध्याचा ठोकळा बाभळीचा आहे. बाभूळ कठीण व चिवट खरी, परंतु तीस कीड लवकर लागते, म्हणून ओंडका कांहीं महिने पाण्यांत बुडवून ठेवण्याची चाल आहे. पातें मात्र जुन्या कानशीचें आहे. लोहारानें तें तापवून चपटें केलें तरी पाठीवर कानशीच्या दांत्यांच्या पुसट रांगा उरल्या आहेत, व त्या यंत्रानें पाडल्यासारख्या एकसारख्या आहेत. म्हणजे पातें आगगाडीच्या काळाअलीकडील असावें. ठोकळाही तेवढाच अर्वाचीन असें यावरून ठरत नाहीं. घरगुती हत्याराचें पातें झिजलें कीं तेवढेंच बदलतात. काळ ठरवितांना ही सावधगिरी न बाळगल्यास मोठी फसगत होते.

राहिली बांबूची काडी. मेवाडच्या मंडन सूत्रधाराच्या 'राजवल्लभ' या पंधराव्या शतकांतील ग्रंथांत शिल्प्याचीं आठ सूत्रें सांगितलीं आहेत: दृष्टि, हस्त म्हणजे गज, मुंजाची दोरी, कापसाचें सूत, ओळंबा, गुण्या, साधणी व विलेख्य. यांपैकीं शेवटलें म्हणजे अंतर मोजून खूण करण्याचें कर्कटक. आमची चिरलेली काडी हें त्या विलेख्याचेंच दरिद्री रूप होय. चिरेंत पाचर घालून टोंकें हवीं तितकीं फांकवावयाचीं आणि वर सुताचा वेढा घट्ट बांधावयाचा, कीं अंतर कायम झालें. आठांपैकीं पहिलें सूत्र जी दृष्टि, तीस मोल पडत नाहीं ही गरिबाची सोय.

आतां मुद्द्याकडे येतों. गज नसतां फळीचे सारखे भाग कसे पाडावे? कागदाची पट्टी दुमडली तर दोन, चार, आठ असे भाग होतात; नऊ ओळींस आठ अंतरें लागतात, तेथें ही रीति चालते. सात किंवा अकरा ओळींस ती चालत नाहीं. मग काडीनें एकेक पाऊल टाकीत जावें लागतें. आम्ही स्वतः तशी पाटी करून पाहिली. अंतर केसभर जरी चुकलें तरी चूक पावलागणिक वाढत जाते आणि सगळी शेवटच्या अंतरांत सांठते. शिवाय सामत्याचें टोंक लाकडाच्या रेषेवर सरकतें, म्हणून एखादें भोंक इकडे तिकडे होतेंच. आणि डाव्या व उजव्या रांगेंतील भोंकें अगदीं समोरासमोर न आल्यानें एखादी ओळ किंचित् कलते. पाटी एकदां झाली कीं हे दोष कायमचे. दोरा तुटला तर नवा ओंवतात, पण भोंकें तींच राहतात. त्यामुळें त्या पाटीवरून निघालेल्या प्रत्येक पानावर तेच दोष त्याच क्रमानें उमटतात. चांगल्या गजानें व उत्तम हत्यारांनीं केलेल्या दोन पाट्यांच्या रेघा परस्परांपासून ओळखणें कठीण. घरगुती पाटी मात्र आपल्या चुकांवरून हटकून ओळखूं येते.

याचा उपयोग उघड आहे. मराठवाड्यांतील किती तरी पोथ्या वाटण्यांत फुटल्या, पानें निरनिराळ्या संग्रहांत गेलीं, व त्यांवर ना लेखकाचें नांव ना शक. वळण सारखें दिसतें, पण एका गुरूच्या दोन शिष्यांचें वळणही सारखें असूं शकतें. अशा वेळीं ओळींमधील अंतरांचा क्रम जुळला तर दोन्हीं पानें एकाच पाटीवरचीं, बहुधा एकाच घरचीं, असें म्हणण्यास जागा होते. अर्थात् पाटी बापाकडून मुलाकडे जाई, म्हणून पाटी एक म्हणजे लेखकही एक असें म्हणतां येत नाहीं.

ताडून पाहतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आम्ही स्वतः येथें आठ दिवस चकलों. पोथीचें पान खालून वर उलटतात. म्हणून पुढच्या बाजूचें पहिलें अंतर पाठीमागें शेवटचें होतें, डावेंउजवें मात्र तसेंच राहतें. उलट, लेखकानें पाटीच फिरवून धरली असेल तर अंतरांचा क्रम उलटतो व डावेंउजवेंही बदलतें. पान कोणत्या बाजूनें घोटलें हें बोटांस कळतें: आंगठा फिरला त्या बाजूस दोऱ्याचा उंचवटा असतो, आणि कागदाची जी बाजू दोऱ्यांवर टेकली तिच्यावर खांच. मोजमाप दोन्हीं समासांशीं निरनिराळें घ्यावें, एरवीं कललेली ओळ निसटते. पान दाबून सपाट केलें किंवा दुरुस्तीसाठीं भिजवून दुसऱ्या कागदावर चिकटविलें कीं हा पुरावा गेला; दुरुस्तीपूर्वींच टांचण करावें. समासाच्या तांबड्या रेघा येथें उपयोगी नाहींत, कारण त्या पाटीनें नव्हे तर पट्टीनें ओढलेल्या असतात.

मुदखेडच्या पानांवर तिसरें अंतर आंखूड व आठवें सर्वांत रुंद आहे, आणि पांचवी ओळ उजवीकडे खालीं उतरते. आठ अंतरें असूनही चूक शेवटीं सांठलेली आहे, यावरून लेखकानें पट्टी न दुमडतां काडीच वापरली असें दिसतें. कोणाच्या संग्रहांत या क्रमाचीं पानें असतील तर त्यांनीं कळवावें. आमच्या पोथीचा आरंभ व शेवट दोन्हीं गहाळ आहेत. पाटीच हातीं असती तर तिच्या भोंकांवर पानें ठेवून खात्री करून घेतां आली असती. टोपलींतील काडी तीवर ठेवून पाहिली, परंतु तिचा सुताचा वेढा केव्हांच ढिला झाला आहे व पाचर पडून गेली आहे, म्हणून तिच्या टोंकांमधील अंतर पुराव्यास घेतां येत नाहीं.