मराठी संहितेचे शुद्धलेखन-रूपांतर आणि संवादी ‘शोधा व बदला’ पद्धती

प्रस्तावना : जुन्या मराठी ग्रंथांचे व स्थानिक इतिहासाच्या साधनांचे संगणकीकरण करताना लेखनातील भिन्नता ही मोठी अडचण ठरते. ठाणे शहरातील टेंभी नाका या एका स्थलनामाचीच ‘टेंभी नाका’, ‘टेंभीनाका’, ‘टेम्भी नाका’ अशी रूपे संभवतात. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये लागली म्हणजे ‘नाक्यावर’, ‘नाक्याजवळ’ अशी रूपे होतात. साध्या शोधाने ही सर्व रूपे एकत्र हाती लागत नाहीत. त्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन उपयुक्त ठरते.

संकल्पना : रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे एका शब्दाऐवजी शब्दांच्या समूहाचे वर्णन करणारे सूत्र होय. स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात त्याची गणिती मांडणी केली. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये संगणकीय शोधासाठी त्याची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. उपरोक्त स्थलनामासाठी पुढील सूत्र पुरेसे आहे :

(टेंभी|टेम्भी) ?नाक

उभी रेघ पर्याय दर्शविते. प्रश्नचिन्हाचा अर्थ असा की, त्याआधीची मोकळी जागा असेल किंवा नसेल. त्याजागी ‘टेंभी नाक’ ही अक्षरे घातली असता पुढील काना किंवा ‘्यावर’ हा भाग अबाधित राहतो व सर्व विभक्तिरूपे एकाच वेळी सुधारतात.

सरसकट बदलाचा धोका : मराठी साहित्य महामंडळाच्या, १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गाळले. त्यामुळे ‘ठाणें’चे ‘ठाणे’ झाले. यूनिकोडमध्ये मात्रा व अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे असल्याने ‘ें’च्या जागी ‘े’ घालण्याची आज्ञा सहज देता येते. तथापि ती सरसकट दिल्यास ‘टेंभी’चे ‘टेभी’ आणि ‘केंद्र’चे ‘केद्र’ होते. ‘ें’नंतर मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा ओळीचा शेवट असावा, अशी अट घातल्यास हा दोष टळतो. येथे शब्दसीमेच्या तयार चिन्हावर विसंबू नये. काही प्रणाली मात्रांना अक्षर मानीत नाहीत व शब्द मधेच तोडतात.

तरीही एक प्रश्न सूत्राच्या आवाक्याबाहेर राहतो. ‘टेंभी नाक्यावरील घरांत’ या जुन्या लेखनात घर एक की अनेक? एकवचन असेल तर आजच्या नियमाने ‘घरात’. अनेकवचन असेल तर ‘घरांत’ हेच रूप योग्य. दोन्ही ठिकाणी चिन्हे एकच आहेत. निर्णय संदर्भावरूनच होतो.

संवादी पद्धती : याच कारणास्तव ईमॅक्स, व्हिम यांसारख्या संपादकांत प्रत्येक बदलापूर्वी अनुमती विचारण्याची सोय आहे. वाक्य डोळ्यांसमोर येते. वापरकर्ता ‘वाय’ कळीने होकार, ‘एन’ कळीने नकार आणि ‘क्यू’ कळीने विराम देतो. उर्वरित सर्व बदल एकदम करण्याचीही कळ असते. परंतु सूत्र निःसंदिग्ध असेल तेव्हाच ती वापरावी. मूळ संहितेची प्रत प्रारंभीच वेगळी जतन करणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष : स्थलनामाचे एकरूपीकरण यंत्रावर सोपविता येते, वचन ठरविणे येत नाही. ‘घरांत’मधील अनुस्वार चुकून गळला तर अनेक कुटुंबांची वस्ती एका घरात सामावते आणि पुढील अभ्यासकास तो प्रमाद दिसतही नाही. म्हणून शोध यंत्राने घ्यावा व निर्णय भाषेच्या जाणकाराने द्यावा, हीच विभागणी संपादनात श्रेयस्कर होय.