गरम होऊ दे

दुपारचे दोन वाजलेत. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं संपत आली की एक गल्ली आत वळते. तिच्या टोकाला हे गॅरेज. पत्र्याच्या शेडखाली तीन गाड्या, चौथीचं निम्मं अंग उन्हात. एप्रिल संपत आलाय, पारा चाळिशीला टेकलाय. वरचा पत्रा तापून मध्येच ताडकन वाजतो. वर्षानुवर्षं सांडलेल्या ऑइलनं जमीन काळी झालीये. चप्पल उचलताना चिकटते.

मधली गाडी पांढरी, छोटी, पेट्रोलवरची. बॉनेट दांडीवर टेकवलंय. इंजिन चालू आहे आणि कुणीही त्याला हात लावत नाहीये.

‘‘काका, आता तर छान चाललीये,’’ गाडीच्या मालकीणबाई म्हणतात.

‘‘चालू दे ताई. गरम होऊ दे.’’

मिस्त्री साठीच्या आसपासचे. नखांत ग्रीस, खिशात टेस्टर. ते स्टुलावर बसून नुसते ऐकतायत.

ताई भिंतीलगतच्या बाकड्यावर बसतात. त्या सासवडच्या, नोकरी पुण्यात. संध्याकाळी घरी जाताना दिवे घाटात गाडी बंद पडते. मागून ट्रकचे हॉर्न, एका बाजूला दरी. अर्धा तास थांबलं की पहिल्या सेल्फला चालू होते. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन थंड झालेलं असतं, मग दोष सापडत नाही. तरी जिथे दाखवली तिथे काहीतरी बदललं गेलंच. काढलेलं सामान त्यांच्या कापडी पिशवीत आहे: चार प्लग, एक कॉइल, पेट्रोल फिल्टर. मी एक प्लग हातात घेऊन बघतो. टोकाला फिकट तपकिरी रंग. पेट्रोल नीट जळत होतं. हे प्लग बदलायची काही गरज नव्हती.

रांगेतले लोक वैतागलेत. एक टेम्पोवाला दोनदा डोकावून गेला. एक गृहस्थ घड्याळ बघत सावलीत उभे आहेत, सावली सरकली की तेही सरकतात. हातातलं काम सोडून मिस्त्री एका चालू गाडीकडे बघत बसलेत, हे त्यांना पटत नाही.

मी बॉनेटपाशी जातो. गरम रबराचा आणि कूलंटचा गोडसर वास येतो. स्कॅनर स्टिअरिंगखालच्या कपलरला जोडलाय. कोड एकही नाही. मिस्त्री कोडसाठी बसलेलेच नाहीत, ते चालते आकडे बघतायत. कूलंट ७८ अंश. थोड्या वेळानं ८४. मग ८९. आकडा एका लयीत चढतोय, मध्येच उडी मारत नाही, म्हणजे कूलंटचा सेन्सर खरं सांगतोय. तो बिघडला, तर तापलेलं इंजिनही कॉम्प्युटरला थंड वाटतं, पेट्रोल जास्त सुटतं आणि गाडी गुदमरते.

आयडलिंग ८५० वर स्थिर. ९६ अंशांना पंखा घोंगावत सुरू होतो. आकडा ९१ वर येतो, पंखा थांबतो. पुन्हा चढ. चहा येतो, संपतो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट आता हात ठेवण्यापलीकडे तापलंय.

‘‘मरते कशी ते बघायचं,’’ मिस्त्री शेजारच्या शिकाऊ पोराला सांगतात. ‘‘अडखळत, धापा टाकत गेली तर आधी पेट्रोल बघायचं, नाहीतर हवा. फटकन गेली तर करंट.’’

पंखा तिसऱ्यांदा फिरून थांबतो. आणि इंजिन जातं. फटकन. थरथर नाही, खोकला नाही. शेडमधला एक आवाज नाहीसा होतो आणि सगळ्यांच्या माना वळतात.

आता मिस्त्री उठतात. आतापर्यंतचा निवांतपणा कुठल्या कुठे जातो. इंजिन थंड व्हायच्या आत सगळं तपासायला हवं, हातात मोजकी मिनिटं आहेत.

‘‘मार सेल्फ!’’

पोरगा चावी फिरवतो. स्टार्टर जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही. प्लगच्या जागी लावलेल्या टेस्टरमध्ये ठिणगी नाही. पेट्रोलच्या लाइनवरचं गेज ३ बारवर, म्हणजे प्रेशर आहे. नोझलच्या कपलरमध्ये खोचलेला छोटा दिवा मात्र लुकलुकत नाही. पेट्रोल दारापर्यंत आलंय, पण दार उघडायचा हुकूमच निघत नाहीये. ठिणगीही नाही, नोझलही नाही. नुसती कॉइल गेली असती तर नोझल चालली असती. पंप गेला असता तर ठिणगी पडली असती.

‘‘काटा बघ, काटा!’’

मी खिडकीतून आत वाकतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा दोनशेच्या आसपास उचलायला हवा. तो शून्यावर पडून आहे. स्कॅनरवरही शून्य. इंजिन फिरतंय, पण कॉम्प्युटरला ते कळतच नाहीये.

इंजिन फिरतंय हे सांगतो क्रँक सेन्सर. चुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे वेढे, समोरून जाणारे चक्राचे दात. प्रत्येक दात गेला की एक हलकी लहर उठते. त्या लहरी थांबल्या की कॉम्प्युटर ठिणगी तोडतो आणि पेट्रोलही.

मिस्त्री हाताला फडकं गुंडाळून गिअरबॉक्सजवळ हात घालतात, कपलर सोडवतात, मीटरची टोकं लावतात. सकाळी थंड असताना याच सेन्सरचा रोध ८६० ओहम भरला होता. पाटीवर खडूनं लिहून ठेवलाय. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो, हजारापर्यंत गेला तरी चालतं. आता मीटर आकडाच दाखवत नाही. आतली तार तुटलीये. थंड असताना टोकं टेकतात, तापून सरकली की सुटतात.

तरी ते ‘सापडलं’ म्हणत नाहीत. ओलं फडकं मागवतात आणि सेन्सरवर दाबून धरतात. पूर्वी घाटांत कार्बोरेटरच्या गाड्या अशा बंद पडल्या की ड्रायव्हर इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे. तेव्हा नळीत पेट्रोलचीच वाफ व्हायची. इथे कारण वेगळं आहे, फडकं तेच. आम्ही सगळे मीटरकडे बघत उभे. काही नाही. अजून काही नाही. मग आकडा लुकलुकतो आणि ठरतो: ९१०.

‘‘आता सापडलं.’’

पोराबरोबर मीही पेठेत निघतो. दुकानांच्या कपाळावर क्लचच्या प्लेटा, गॅस्केटच्या माळा, फिल्टरचे ढीग. काउंटरवर तिहेरी गर्दी. ‘‘जुना आणलास?’’ दुकानदार दोन्ही सेन्सर शेजारी धरतो, वायरची लांबी आणि कपलरच्या पिना ताडून बघतो. ‘‘ओरिजिनल की साधा?’’

‘‘ओरिजिनल,’’ पोरगा म्हणतो. ‘‘घाटातली गाडी आहे.’’

नवा सेन्सर बसतो. सेल्फ मारल्याबरोबर काटा उचलतो, इंजिन पकडतं. ताई पर्स उघडतात. मिस्त्री हातानंच थांबवतात आणि पुन्हा स्टुलावर बसतात. ९६, पंखा. ९१, बंद. परत ९६. टेम्पोवाला आता स्वतःच आकडे वाचायला येऊन उभा राहिलाय.

पाच वाजून जातात तेव्हा बॉनेट खाली येतं. गाडी अजून चालूच आहे.

‘‘पोरगा सोबत येईल. घाट चढा, वर थांबू नका, तशीच फिरवून खाली आणा. थंड होऊ द्यायची नाही. इथे परत आलात की पैशांचं बघू.’’