ई-सायकलचा मागचा शॉकअप स्प्रिंगचा घ्यायचा की हवेचा? पैसे मोजण्याआधी हे वाचाच

डोंगरउतारावरून उड्या मारत जाणाऱ्या इलेक्ट्रिक माउंटन सायकलींचे व्हिडिओ आता सगळ्यांच्याच मोबाइलवर येतात. अशी सायकल नवी किंवा जुनी घ्यायची ठरली की एक प्रश्न हमखास येतो: मागचा शॉकअप स्प्रिंगचा असावा की हवेचा? हवेचा म्हटलं की भारी, असा अनेकांचा समज असतो. पण तो प्रत्येकाच्या कामाचा असेलच असं नाही. चुकीची निवड केली तर पैसे जातात ते जातातच, वर दुरुस्तीसाठी शहर गाठावं लागतं.

दोघांत फरक काय?

शॉकअपची कामं दोन. एक म्हणजे वजन पेलणं आणि दुसरं म्हणजे उसळी आवरणं. उसळी आवरण्याचं काम दोन्ही प्रकारांत आतलं तेल करतं. फरक फक्त वजन कोण पेलतं याचा आहे. एकात पोलादी स्प्रिंग पेलते, दुसऱ्यात कोंडलेली हवा.

इथे मोटारसायकलच्या ‘गॅस शॉकअप’शी गल्लत होते. मोटारसायकलच्या गॅस शॉकअपमध्ये वजन स्प्रिंगच पेलते. तेलाला फेस येऊ नये म्हणून आत नायट्रोजन भरलेला असतो. सायकलच्या हवेच्या शॉकअपला मात्र स्प्रिंग नसतेच. हवा गेली की सायकल खाली बसते.

हवेच्या शॉकअपचे फायदे-तोटे

मोठा फायदा म्हणजे वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते. घरात एकच सायकल ५५ किलोचा मुलगा आणि ८५ किलोचे वडील दोघं चालवणार असतील, तर हवेचाच शॉकअप सोयीचा. तो हलकाही असतो, आणि जसजसा दबत जातो तसतसा कडक होतो. त्यामुळे मोठ्या खड्ड्यात शेवटपर्यंत जाऊन सहसा आदळत नाही.

पण त्याला वेगळा हातपंप लागतो. कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते, तर या शॉकअपमध्ये बहुतेक वेळा १०० ते ३०० पीएसआयच्या दरम्यान. पंक्चरवाल्याच्या किंवा पेट्रोल पंपावरच्या नळीने ती भरू नये. सायकल घेतानाच शॉकअपचा पंप मागून घ्यावा. जास्तीत जास्त किती हवा चालते, ते शॉकअपवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.

पंप लावला की थोडी हवा पंपाच्या नळीत जाते आणि काटा आधीपेक्षा कमी दाखवतो. म्हणजे शॉकअप गळतोय असं नाही.

आतले रबरी सील धुळीने आणि वापराने झिजतात. रॉकशॉक्स ही कंपनी आपल्या हवेच्या शॉकअपला दर ५० तास चालवल्यानंतर हवेच्या भागाची सर्व्हिस सांगते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतली हवा पूर्ण न सोडता हा शॉकअप खोलायचा नाही. एवढ्या दाबाने सुटा भाग गोळीसारखा उडू शकतो. गावातल्या मेकॅनिकने असा शॉकअप कधी खोलला नसेल, तर त्याच्या हातात देऊ नये.

स्प्रिंगचं गणित

स्प्रिंगला हवा भरायची भानगड नाही. बारीक दगडगोट्यांवर ती मऊ चालते आणि लांब उतारावर शॉकअप तापला तरी तिचा कडकपणा फारसा बदलत नाही. स्प्रिंगचा शॉकअप हवेच्या शॉकअपपेक्षा काही शे ग्रॅम जड असतो. पण मोटर आणि बॅटरीसकट २२ ते २५ किलोच्या सायकलीला तेवढं ओझं जाणवत नाही. म्हणूनच डोंगरातल्या ई-सायकलींना अनेक जण स्प्रिंग पसंत करतात.

अडचण वजनाची आहे. स्प्रिंगवर ४५०, ५०० असे आकडे छापलेले असतात. ती एक इंच दाबायला तेवढे पौंड लागतात, असा त्याचा अर्थ. माणसाच्या वजनाला जुळत नसेल तर स्प्रिंगच बदलावी लागते. वरची चकती आवळत बसून मऊ स्प्रिंग कडक होत नाही. आणि आतल्या तेलाची सर्व्हिस याही शॉकअपला लागतेच.

माप कसं घ्यायचं?

नेहमीच्या सामानासह सायकलवर बसावं. शॉकअप त्याच्या पूर्ण चालीच्या साधारण २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. चाल ५५ मिलिमीटर असेल तर १४ ते १६ मिलिमीटर. याला मेकॅनिक ‘सॅग’ म्हणतात. हवेच्या शॉकअपच्या दांड्यावर यासाठीच रबरी रिंग असते. जास्त दबला तर हवा वाढवावी किंवा कडक स्प्रिंग घ्यावी, कमी दबला तर उलट.

फ्रेम चालते का, ते आधी विचारा

हवेचा काढून स्प्रिंगचा बसवायचा विचार असेल तर सायकल कंपनीची परवानगी आहे का, हे आधी बघावं. काही फ्रेमच्या रचनेत शॉकअपवर बाजूने ताण येतो. अशा ठिकाणी स्प्रिंगच्या शॉकअपचा दांडा वाकू किंवा तुटू शकतो. उतारावर तसं झालं तर गाठ हाडांशी आहे. लांबी आणि चाल ही दोन्ही मापंही तंतोतंत जुळली पाहिजेत.

स्वस्त सायकलींत अनेकदा तेल नसलेली नुसतीच स्प्रिंग असते. सीट जोरात दाबून सोडावी. सायकल दोन-तीन वेळा नाचली तर तो शॉकअप नावापुरताच समजावा.

मग कुणी काय घ्यावं?

चालवणारा एकच, रस्ता दगडगोट्यांचा, सर्व्हिस सेंटर लांब आणि फ्रेमला चालत असेल, तर स्प्रिंग. चालवणारे दोघं-तिघं, ओझं रोज बदलणारं आणि पंप घरात असेल, तर हवा. आणि फक्त गाव ते शाळा किंवा वस्ती ते डेअरी एवढंच जायचं असेल, तर मागे शॉकअप नसलेली ई-सायकलच बरी. वाचलेल्या पैशांत चांगले ब्रेक आणि चांगली बॅटरी मिळते, ती रोज कामी येते.